रकाना सातवा

सातव्या रकान्यात लिहायचं असतं,
पाणी कुठवर आलं, सेंटीमीटरमध्ये.
टेप पिशवीत आहे, पाच मीटरची,
पण मळ्यातल्या या गल्लीत आकडा कुणीच सांगत नाही.

रोझालिना फुर्तादो म्हणते, मशीनच्या पायट्यापर्यंत.
लगेच, नाही, चाकापर्यंत,
लग्नाचा फ्रॉक खाली ठेवला होता, त्याची झालर भिजली.
मी चाक मोजते. एकोणचाळीस.

पोदेराच्या भट्टीतली राख अजून ओली.
तो घोट्याला हात लावून दाखवतो, इथपर्यंत,
मग त्याला आठवतं, तेव्हा तो टेबलावर उभा होता.
दोघं हसतो.
मी खोडते, टेबलाची उंची मिळवते.

शेजारच्या पोरानं भिंतीवर पेन्सिलीनं रेघा मारल्यात,
स्वतःच्या उंचीच्या, आणि बाजूलाच पाण्याच्या.
दोन वर्षं पाणी त्याच्याहून भराभर वाढलंय.

किती वेळात चढलं? हा आठवा.
त्याची आई सांगते, कुकरची तिसरी शिट्टी झाली,
चौथीच्या आत उंबऱ्यावरून आत.

शाबलो मांद्रेकर मात्र उंची सांगतच नाहीत.
बांधावर बसलेत, खाडीच्या तोंडाशी, मानशीजवळ,
जिची दारं भरतीला आपोआप मिटायची, ओहोटीला उघडायची.
आता एक दार बाटल्यांनी अर्धवट उघडं अडकलंय,
दुसरं नाहीच.
बाय, तुझ्या कागदावर तिथीचा रकाना कुठं आहे?
तोच पाऊस अष्टमीला पडता तर निघून गेला असता.
अमावास्या होऊन दोन दिवस झालेले,
भर दुपारी खाडी तुडुंब.
वरचं पाणी जाणार कुठं?

मी समासात लिहिते: भरती, पावणेएक.

कुठं राहतेस?
ताळगावला, म्हणते. दुसरा मजला.
शेतात?
आता शेत नाही तिथं.
ते काही बोलत नाहीत, बिडी शोधतात.
आमच्या इमारतीचा भराव दीड मीटर, ब्रोशरमध्येच लिहिलं होतं,
'पुरापासून सुरक्षित', आणि मी हप्ते मोजून सही केली होती.
त्या शेतात जे पाणी थांबायचं
ते कुणाकुणाच्या उंबऱ्याशी जाऊन उभं राहिलं असेल,
त्याला रकाना नाही.
एकोणचाळीस, एवढंच डोक्यात राहतं.

शेवटी 'सुचवलेले उपाय'. एक ओळ.
ते बोटांवर मोजतात:
चार फळ्या, कड्या,
खारफुटीवर माती टाकायची बंद,
आणि एक माणूस,
उधाणाच्या रात्री एकला उठून
दारातला कचरा काढील असा.
आपण उठत होता?
चाळीस वर्षं. बायको शिव्या द्यायची.

मी लिहिते: मानस दुरुस्ती. माणूस, एक.
ऑफिसात साहेब दुसऱ्या शब्दावर पेन ठेवतील,
टायपिंगची चूक समजून खोडतील बहुतेक.