टाचेचं हाड

हाफ सेट घेतला फातोर्ड्याच्या मेर्विनकडून.
साडेतीन हजार. दोन मणके कमी,
मांडीच्या हाडावर त्याच्या पेन्सिलीच्या रेषा,
आणि कवटीत, कशी कोण जाणे, एक सुकी काजूची बी.

बांबोळीहून पेडण्यापर्यंत पिशवी मांडीवर.
म्हापशाला शेजारी बसलेल्या बाईने विचारलं, "उंडे गो?"
म्हटलं, "हय, उंडे."

आईने पिशवी उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही.
"ज्याचं आहे त्याला विचारलंस?"
मग हाडं राहिली खोपीत,
कोयती, दोर आणि सोडणांच्या ढिगाशेजारी.
रात्री तिथेच बसून पाठ करायची:
टॅलस, कॅल्केनियस, नॅविक्युलर, क्युबॉइड,
देवळात नामावळी म्हणावी तशी,
अर्थ न लागता.

बाबा दाराला टेकून ऐकत.
पाडेली माणूस. वीस वर्षं माडांवर
आणि एक दिवस माडावरून खाली.
तेव्हापासून उजवा पाय बाहेर फेकत चालतात.
पावसाळ्यात टाच आधी जागी होते, मग ते.

"ह्यातलं माझं कुठलं?"

मी ते त्यांच्या तळहातावर ठेवलं.
त्यांनी तोललं, कानाशी नेऊन हलवलंसुद्धा.
"पाणी नाही आत," म्हणाले.
मग अंगठा बरोबर त्या कंगोऱ्यावर गेला
ज्याला पुस्तक सस्टेन्टॅक्युलम टॅली म्हणतं
आणि जो मला तीन दिवस सापडत नव्हता.
"वरचं हाड ह्याच्यावर टेकतं," मी सांगितलं.
"म्हणजे खाच. माडाला मारतो तशी.
पाय ठेवायला."

तोंडी परीक्षेत डॉक्टर कुएल्योंनी
ट्रेमधून नेमकं तेच उचललं.
"बाजू?"
"उजवी."
"उंचावरून पडलं तर?"
मला सगळं येत होतं. टॅलस वरून
पाचरीसारखं घुसतं, टाच रुंदावते, उंची घटते.
एक शब्द चुकला नाही.
फक्त ट्रेमध्ये परत ठेवताना
ते टेकेपर्यंत हात सोडवेना.
"पुढचं," डॉक्टर म्हणाले, खिडकीकडे बघत.

घरी बाबांनी विचारलं, "पास?"
"पास."
"आणि तो?"

तो कोण, हे कळायला
मला खोपीपर्यंत चालत जावं लागलं.
कौलातून पाणी ठिबकत होतं.
पिशवीवर कुणीतरी
आईची जुनी वाकळ घातली होती.