तोकातकर

फॉर्म मीच भरला,
शिवोलीच्या तिठ्यावर, झेरॉक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवर.
नाव आर्शालूस, आडनाव तोकातलियान.
जन्म बैरूत, पासपोर्ट फ्रान्सचा,
राहणार आल्फोर्व्हिल, पॅरिसला चिकटून.
भारतात येण्याचं कारण?
तिनं खांदे उडवले. मी लिहिलं, पर्यटन.

आडनावाशी बोट अडलं होतं.
ती म्हणाली, तोकात हे गाव,
यान म्हणजे तिथल्या घरचा.
म्हणजे तोकातकर, मी म्हणालो,
आणि माझं सांगितलं: मोपकर.
मोपा इथून पाऊण तास,
माझ्या पणजोबांची गुरं चरायची ते पठार.
आता तिथून विमानं उडतात.
तू काल उतरलीस ती माझ्या आडनावातच.

ती मोठ्यानं हसली. मग म्हणाली,
माझ्यात उतरायला
पणजीनंतर कोणी गेलेलं नाही.
पणजी तिथून चालत निघाली होती.
किती चालली ते तिनं सांगितलं नाही.
मी रकान्यांत डोळे घालून बसलो.

मागच्या दोन खोल्यांपैकी उजवी तिला दिली.
द्राक्षाची पानं मिळेनात
म्हणून माझ्या परसातल्या अळूत तिनं भात गुंडाळला.
दोघांचेही घसे खाजले.
चिंच घालायची असते गं, मी सांगितलं,
तोवर अर्धं पातेलं संपलं होतं.

संध्याकाळी बलकांवावर बसून ती बापाचं सांगायची.
बाप चांभार. रात्री कुणीतरी दुकानाच्या शटरवर
खडूनं लिहून जायचं: परत जा.
बाप सकाळी ओल्या फडक्यानं पुसायचा
आणि गिऱ्हाइकाला विचारायचा, कुठे?
बैरूतला की तोकातला?
पत्ता तरी लिहायचा नीट.

आता शटर भावाचं.
समोरच्या इमारतीत मालीची माणसं राहायला आली,
तर भाऊ जेवताना म्हणतो,
ह्यांना परत पाठवलं पाहिजे.
बाप टेबलाशीच असतो.
मीठ मागतो.

मला भाचा आठवला.
पोर्तुगालच्या पासपोर्टवर स्विंडनला गेलेला,
गोदामात रात्रपाळी.
बसमध्ये कुणीतरी त्याच्या अंगावर बिअर ओतली,
हे मला त्याच्या मित्राकडून कळलं.
तो फोनवर एवढंच म्हणतो, थंडी आहे.
मी उठून उभा राहिलो,
अख्ख्या युरोपला कोकणीतून शिव्या दिल्या,
भाषा न येणाऱ्याला कळाव्यात अशा.

तेवढ्यात फाटकाशी एक माणूस.
मागे बायको, तिच्या कडेवर पोर,
पोराच्या हातात चार्जर.
खोली आहे का मामा?
नाव सांगितलं त्यानं, बसलिंगप्पा. मी विचारलं नव्हतं.
डावी खोली रिकामी होती,
कुलूप फाटकातून दिसत होतं.
नाही, म्हटलं. पुढे बघ.

ती म्हणाली, ती खोली देत नाहीस भाड्यानं?
देतो की. पण तो घाटी.
तिनं वही काढली, शब्द लिहून घेतला
त्यांच्या लिपीत,
गळाला गळ अडकावेत तशी अक्षरं.
अर्थ काय?
घाटापलीकडचा.
एवढाच?
एवढाच.
मग समुद्रापलीकडचीला काय म्हणता?
गेस्ट, मी म्हणालो.
हे तिनं लिहून घेतलं नाही.

ती गेली त्याला आता महिना होईल.
दोन शुक्रवार मी म्हापशाला
लाद्या बसवणारे उभे राहतात त्या नाक्यावर गेलो.
बसलिंगप्पा तिघे निघाले.
आडनावं विचारली:
नरगुंद, रोण, मुंडरगी.
गाव कुठलं म्हटलं, तर तेच पुन्हा सांगतात.
तिघांतला कोणीच तो नव्हता.
एकानं विचारलं, काम काय आहे साहेब?
काही नाही, म्हटलं, आणि उगाच
त्याच्याकडून बिडीसाठी काडी मागितली.
मी बिडी ओढत नाही.

डावी खोली रिकामीच आहे.
भाचा काल म्हणाला,
थंडी जरा कमी झालीय.