वरच्या मजल्याचा कॉक

जेल रोडला, माझ्याच घरात, वरच्या मजल्यावर
बागूल राहतो. तिसरा महिना आता.
साडेसहा हजार गुणिले तीन,
वजा त्याने मध्ये दिलेले दोन हजार,
पन्नास-पन्नासच्या नोटांत, रबर लावून.
त्याच्यासमोर मोजले नाहीत मी.
दार लावून मोजले.

एकतीस वर्षं प्रेसमध्ये काढली.
कोऱ्या नोटांचा वास अंगाला लागायचा,
सुटताना झडती व्हायची रोज.
अजून कुठे दारात शिपाई दिसला
की हात आपोआप वर जातात.
लाखांनी मोजल्या, एकही आपली नव्हती.
तेव्हा कधी जिवाला लागलं नाही
जसे हे साडेसतरा हजार लागतात.

निकुंभ वकील म्हणाले, करार दाखवा.
अकरा महिन्यांचा, त्यातले सात झालेले.
डिपॉझिटमधून वळते करा हवं तर,
मग रंगकामाला काय उरेल ते तुम्ही बघा.
नोटीस पाठवू, पंधराशे माझे.
मग अर्ज, मग तारीख, मग तिची पुढची तारीख.
आणि काका (चष्मा कपाळावर चढवत)
वीज तोडायची नाही, पाणी तोडायचं नाही,
कुलूप तर मुळीच नाही.
कायदा उलटा तुमच्याच अंगावर येईल.

शेजारचे पिंगळे म्हणाले, कसला कायदा!
रात्री कॉक फिरवा.
चार दिवसांत सामान टेम्पोत.

शैला म्हणाली, त्याची बायको
मागे वाटीभर तेल मागायला यायची.
आता येत नाही.
हे ती मला का सांगत होती, मी विचारलं नाही.

बुधवारी रात्री, बॅटरी न घेता, गच्चीवर गेलो.
टाकीला तीन पाइप, मधला त्याचा.
देवळालीकडून मालगाडी येत होती, संपता संपेना.
कॉक घट्ट. दोन्ही हात लावले,
पाव फेरा, अर्धा,
आणि पाइपातला आवाज बसला.

पहाटे पाचला वर बादली वाजली.
मग नुसतीच बादली.
शैला जागी होती. तिने कूससुद्धा बदलली नाही.

सात वाजता बागूल दारात.
हातात पान्हा, बनियनवर गंज.
सिन्नरला कंपनीत फिटर होता, कंपनी होती तोवर.
म्हणाला, काका, तुमचा कॉक जाम झाला होता,
आपोआप बसला असणार.
खोलला, वायसर बदलला, ग्रीस लावलं.
आता लहान पोरगंसुद्धा फिरवेल एका बोटाने.
आणि हवेत बोट फिरवून दाखवलं.

त्याला कळलं होतं का?
त्याच्या तोंडाकडे बघायचं टाळून मी
वायसरचे किती झाले ते विचारलं.
आठ रुपये. राहू द्या, म्हणाला.

नोटीस टाइप होऊन आली आहे,
ड्रॉवरमध्ये, तारखेची जागा कोरी.
दहा तारखेला वर जाणार आहेच मी,
साडेसतरा हजार सोडणारा माणूस नव्हे.
फक्त वहीत आज लिहिलं, वजा आठ.
बाकी सतरा हजार चारशे ब्याण्णव.

रात्री पुन्हा गच्चीवर गेलो,
एका बोटाने फिरवून पाहिला.
खरंच फिरतो,
दोन्ही बाजूंना.