सही

अजमानचं कोर्ट, दुसरा मजला.
एसी असा, की साक्षीदार शाली घेऊन येतात.
अकरा वर्षं मी इथे दुभाषी आहे.
ऐकायचं, आणि तेवढंच म्हणायचं.
मीठ घालायचं नाही, मीठ काढायचं नाही.

आज मोरेश्वर पाष्टे. जामिनावर सुटलेला.
केबलच्या गोदामाचा स्टोअरकीपर, गाव संगमेश्वराजवळ.
तांब्याच्या तारेचे आठ ड्रम कमी भरले.
आरोप खियानत अल-अमानाचा.
अमानतीत खयानत, मी सांगितलं.
म्हणाला, ताई, हे तर आपलेच शब्द.

आपलेच? बाकावर बसून मी त्याला समजावलं.
वकील तोच, इन्कार तोच, तारीखही तीच.
पण तक्रार म्हणजे इथे नुसतं पुन्हा पुन्हा.
गरीब म्हणजे परका.
तो हसला. म्हणजे दोन्हीकडून मीच.
आणि जबाब म्हणजे साधं उत्तर.
आपल्याकडे जबाब रात्री दोन वाजता लिहून घेतात.
इथेही रात्रीच घेतला होता त्याचा.

वकील इद्रीस, सुदानी, चहात चार साखरा.
तीन वाटा आहेत, म्हणाला.
कबूल कर, ड्रमांचे पैसे भर,
कंपनी हक्क सोडेल, दंड होईल, विमान मिळेल.
नाहीतर इन्कार कर. मग गोदामाची वही मागू,
गेटचा कॅमेरा मागू,
दुसरी चावी कुणाकडे असायची ते विचारू.
पासपोर्ट कोर्टात, पगार बंद,
किती महिने ते अल्लाला ठाऊक.
तिसरी वाट सांगायच्या आत त्याचा फोन वाजला.

तुम्ही काय केलं असतं, ताई?
मी भाषांतर करते, मी म्हणाले.
अकरा वर्षं हेच वाक्य,
आज ते भातातल्या खड्यासारखं दाताखाली आलं.

न्यायाधीशांनी कागद वर धरला.
ठाण्यातली कबुली, सगळी अरबीत,
तळाशी देवनागरी, शेपूट ओढून: मो. पाष्टे.
हे तुझं?
सही माझी, तो म्हणाला.
मी तोंड उघडायच्या आधीच
कारकुनाचं पेन चालू लागलं.

सही.
सहीह.
त्यांच्या भाषेत: खरं आहे.

मी नव्हते ती रात्र मला दिसली.
टेबल, कागद, कागदावर टेकलेलं बोट.
सही माझी. हो साहेब, सही. सही.
जितक्यांदा विचारलं तितक्यांदा खरं झालं.
दुभाषी म्हणून फोरमन होता,
आणि फोरमनला झोप आली होती.

मी हात वर केला.
दुभाष्याने हात वर करायचा नसतो.
एका शब्दाबद्दल बोलायचंय, म्हटलं.
हा माणूस हस्ताक्षराबद्दल बोलतोय,
मजकुराबद्दल अजून एक अक्षर बोललेला नाही.
खोलीत फक्त एसीचा आवाज.
मग त्याला पूर्ण बोलू दे, असं झालं.

सही माझी, पाष्टे म्हणाला.
वर काय लिहिलंय ते मला वाचता येत नाही.
मोबाईल आणि पाकीट जमा केल्याची पावती, म्हणाले.

मी तेवढंच म्हटलं. मीठ घातलं नाही.
आवाज हलला माझा, त्याची नोंद होत नाही.
इद्रीस उठला, ते पान पुराव्यातून काढा म्हणाला.
सरकारी वकील फाईल चाळत राहिला.
कारकुनाने ओळ खोडली की नाही
ते मला माझ्या जागेवरून दिसलं नाही.
तहकूब. सोळा तारीख.

जिन्यात त्याने विचारलं,
सुटलो तर काय म्हणतील?
बराअ, मी म्हणाले. म्हणजे निर्दोष.
त्याने चहाच्या पावतीमागे लिहून घेतलं: बरा.

तेवढ्यात बायकोचा फोन.
घरी त्याने दुखणं सांगून ठेवलंय.
अगं हो, म्हणाला,
सोळा तारखेला परत बोलावलंय.
नाही, अजून बरा नाही.