बिननावाचं

इसाफ्योर्दुरच्या मासळी-लिलावाचा प्रोग्राम
स्टेनवोरने लिहिला, एकोणीस वर्षांपूर्वी.
निवृत्त होताना ती फक्त कॉफीचा मग घेऊन गेली;
बाकी सगळं इथेच आहे.

सकाळचे दहा. बाहेर अजून उजाडायचंय.
ओग्मुन्दुर फाइल उघडतो:
कॉड वजनाने लावायचे, मोठा आधी,
एवढ्याशा कामाला एक अख्खा क्लास,
त्याला हातभर नाव,
आत एक फंक्शन, त्यालाही नाव,
मग कंस, कंसात कंस,
आणि पार तळाशी ती एक ओळ
जी खरोखर काही करते.
नमनालाच घडाभर तेल.

तो पुसतो. सतरा ओळी.
त्या जागी
दोन मासे, एक बाण,
दुसऱ्याच्या वजनातून पहिल्याचं वजा.
बस्स.
नाव नाही, गाव नाही,
गरज तिथेच जन्म,
आणि काम सरल्यावर कुणी हाक मारणार नाही.

"आटोपशीर आहे," शेजारून ब्यार्टमार म्हणतो,
"पण रात्री तीनला मोडलं
तर एरर कुणाचं नाव घेईल?"

घरी नऊ आठवड्यांची मुलगी आहे.
तिचंही नाव ठरलेलं नाही. इथे त्याची घाई नसते;
सरकारदरबारीही तोवर नुसती 'मुलगी',
पुढे ओग्मुन्दुरची लेक, इतकंच.
सासू दर रविवारी फोनवर ऐकवते:
सगळ्या जगाला नावं ठेवता,
पोरीला एक ठेवा की.
तो तिला 'ए' म्हणतो, 'अगं' म्हणतो,
कधी नुसताच वाकतो पाळण्यावर.
ती बघते.

दुपारपर्यंत अकरा बाण.
फाइल अशी हलकी, की खाली-वर सरकवायला नको.

मग बारावं येतं:
एकच ओळ, एकदाच वापरलेली,
वजन गुणिले शून्य पूर्णांक सत्त्याण्णव.
बाणात सहज मावेल.
वर स्टेनवोरने लिहिलंय: बर्फ_वगळून.

तो नाव काढून पाहतो.
उरतो एक आकडा,
कशाचा, कुणासाठी, पत्ताच नाही;
उद्या कुणी तरी नीटनेटका माणूस त्याचा एक करेल
आणि गिऱ्हाईक बर्फाचे पैसे भरत राहील.

तो नाव परत ठेवतो.

सूर्य डोंगराआडून वर यायला अजून आठवडा आहे.
खिशातल्या चिठ्ठीवर तीन नावं, दोन खोडलेली.
तिसरं त्याने अजून
मोठ्याने म्हणून पाहिलेलं नाही.