उसनवारी

हडर्सफील्डला मार्चमध्येही दही धड लागत नाही.
बॉयलरच्या कपाटात पातेलं ठेवते, वर जुना स्वेटर,
आणि टेबलाशी बसून उघडते
गाणी वाजवणाऱ्या एका प्रोग्रॅमचं पोट.

ह्याचा पगार नाही.
दिवसा विमा कंपनीची खाती,
रात्री माझ्याकडे येतात अडखळणारे प्रवाह,
शेपूट तुटलेल्या फाइली,
वर नाव एक, आत भलताच ऐवज.
ह्या आठवड्यात बफर वाढवला:
बोगद्यात रेंज गेली तरी चार सेकंद
कुणाला पत्ता लागत नाही.
दोन गाण्यांमधली फट बुजवली.
चाचण्या सगळ्या हिरव्या.
मी खूश. थोडी मिजासही.

शनिवारी शेजारच्या मॉरीन हेगकडे
तेच नवं बिऱ्हाड त्यांच्या लॅपटॉपवर बसवलं.
क्लिफर्ड गिरणीच्या बँडमध्ये कॉर्नेट वाजवायचे.
कॅसेटवरून मुलानं उतरवून घेतलं सगळं,
एक लांबलचक फाइल, मग कापून अकरा तुकडे.
तिसरा लावला. मॉरीन म्हणाल्या,
'इथे तो श्वास घ्यायचा.'

मी म्हटलं, कॅसेटची खरखर असेल.

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.
'एकोणचाळीस वर्षं त्याच्या कुशीला झोपले मी.'

घरी आले. फाइल उघडली. नुसते आकडे,
सोळा-सोळाच्या ओळीत उभे, कवायतीसारखे.
पहिली चौकट म्हणत होती:
माझा माल माझ्यापाशी नाही,
पाचशे अकरा बाइट मागे बघा.
मागे काहीच नव्हतं. फाइल तिथेच सुरू होत होती.
आणि माझा डीकोडर, शहाणा,
न समजलेल्या जागी शांतता भरून पुढे निघत होता.

हे मला माहीत होतं, म्हणजे पुस्तकात वाचलं होतं.
सोप्या चौकटीत जागा उरते,
तिथे पुढच्या अवघड चौकटीचं सामान ठेवून देतात.
शांत सूर गजबजलेल्या सुराला उसनं देतो.
आई विरजणाला चमचाभर कालचं ठेवायची, तसं.
कालचं पातेलं घासून टाकलं
की आजचं दूध नुसतं दूध राहतं.

म्हणजे क्लिफर्डचा श्वास
दुसऱ्या तुकड्याच्या शेपटीत होता,
कुठल्याशा मार्चच्या शेवटच्या ढोलामागे,
वीस वर्षं, कुणी न मागितलेला.

आणि गाणं बदललं रे बदललं
की मागचं सगळं झटकून टाक,
ही ओळ मीच लिहिली होती. मोठ्या अभिमानानं. स्वच्छ कोड म्हणून.

ती काढली तर दुसरंच बिघडलं:
गाणी उलटसुलट लावली की
भलत्याचंच सामान भलत्याच्या तोंडी,
कॉर्नेटच्या जागी कुणाचीतरी करकर.
शेजारी बसला म्हणून कुणी सख्खा होत नाही.
मग तीन रात्री. आधी विचारायचं,
तुम्ही खरंच एकाच अंगातून कापलेले का?
सांधा जुळतो का? जुळला तरच
मागच्या फाइलीचं टोक वाचायचं,
आवाज न करता, फक्त उसनं घ्यायला.
दोनदा चुकले. एकदा प्रोग्रॅमच आडवा झाला.
दही त्या आठवड्यात आंबट ढाण.

बुधवारी पुन्हा गेले. तिसरा लावला.
सुराच्या आधी, डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात
ओठांच्या कडेनं आत ओढलेली हवा.

मॉरीन काही बोलल्या नाहीत.
परत लावायला सांगितलं. परत.
मग म्हणाल्या, 'सर्दी झाली होती त्याला त्या दिवशी.
मी म्हटलं होतं, जाऊ नकोस.'

किटली उकळून आपोआप बंद झाली.
चौथा तुकडा सुरू झाला होता,
मध्ये फट न पडता.