कमरेभोवतीची धूळ

गूस्ट्री गावात मोबाइलला रेंज नाही.
शेतांपलीकडे दुर्बिणीची पांढरी परात
आभाळाकडे तोंड करून,
गाई तिच्याकडे पाठ करून.

मी तिथे धूळ मोजते. परात ऐकते ते वेगळंच;
माझे आकडे येतात चिलीच्या वाळवंटातून.
मरणाऱ्या ताऱ्याभोवतीची धूळ : काजळी, बारीक वाळू,
काही कण तर स्फटिक झालेले,
म्हणजे फार दिवस तिथेच शेकत बसलेले.

शेजारचे नॉर्मन ब्लीझ विचारतात,
त्याचं होतं काय शेवटी?
फुगतो, मी सांगते. तांबडा होतो.
अंगावरचं एकेक पांघरूण फेकून देतो.

ते झुडपावरची गूसबेरी बोटाने उजेडाकडे वळवतात.
आपल्या रायआवळ्यासारख्या शिरा,
पण लालसर, कोंबडीच्या लहान अंड्याएवढी.
हिच्यासाठी त्यांनी बाकीची सगळी फळं
जूनमध्येच खुडून टाकली.
"प्रदर्शनाला दोन दिवस उरले की पाऊस येतो,
आणि फुटतात," म्हणाले.

फेकलेलं सगळंच जात नाही.
थोडं मागे राहतं, कमरेभोवती फिरत बसतं
जाड चकती होऊन. मग आतल्या वाऱ्याला
आडवी वाट उरत नाही,
तो वर सुटतो, खाली सुटतो.
म्हणून तेजोमेघ गोल होत नाही, डमरू होतो.

डमरू त्यांना ठाऊक नाही.
मी हवेत हातांनी काढून दाखवते.
ते आत जाऊन उकडलेल्या अंड्याचा कप घेऊन येतात.
तेच. अगदी तेच.

"आणि चकती बसवतं कोण?"

एकट्या ताऱ्याचं काम नव्हे ते, असं आम्हाला वाटतं.
सोबत कुणीतरी असतं. लहान, मंद.
तारा किंचित डोलतो, उजेड जरा निळसर, जरा तांबूस,
दोन-अडीच वर्षांनी पुन्हा तसाच.
त्यावरून कळतं.
मला अजून एकदाही दिसलेलं नाही.

नॉर्मन काही बोलले नाहीत.
कप ठेवायला कपाट उघडलं तेव्हा
तिथे दुसराही होता, जोडीचा.
त्यात बटणं होती, बायकांच्या कोटाची.

शुक्रवारी रात्री पाऊस आलाच.
सकाळी ते बशीत गूसबेरी घेऊन दारात.
भार देठावर येऊ नये म्हणून तिच्या मध्यावर
डोरीनच्या जुन्या मोज्याची पट्टी होती, झोळीसारखी.
फळ देठाशी फुटलं होतं
आणि खाली, वाळल्या फुलाशी.
पट्टीखाली अख्खं.

"पबात तराजू मांडलाय," ते म्हणाले,
"फुटलेली चालत नाही."

मी खूप वेळ बशीकडे बघत राहिले.
फोटो काढू का, विचारायचं होतं.
विचारलं नाही.

मग आम्ही सुरीने तिचे दोन भाग केले.
आंबट होती, कानशिलं झिणझिणली.
त्यांनी साखरेचं भांडं पुढे सरकवलं.
मी मीठ शोधायला उठले.